विझलेलं रेडियम

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे घडीसाज म्हणतात. वर्ध्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. दुकान कसलं, पुढे एक फळी, एक काचेचं कपाट आणि मागे एक खोली. तिथे मी चौतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलो. त्याचा परिणाम असा झाला की आता मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, त्यांच्या घड्याळांचे आठवतात. संपादकांचं पत्र आलं, "तुमच्याकडे आलेल्या तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांविषयी लिहा, वाचकांना मजा वाटेल." मजेचं लिहायला बसलो, दोन पानं झाली, आणि तिसऱ्या पानावर ताई आली. ती काही हलेना. तेव्हा मजेचं आधी सांगून टाकतो.

पुलगावचा एक गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, दर महिन्याला यायचा. तक्रार एकच. "मास्तर, घडी रविवारी पुढं पळते. बाकीचे सहा दिवस शहाण्यावानी चालते." मी तीनदा घड्याळ उघडलं, तेल दिलं, पुसलं, बंद केलं. काही सापडेना. शेवटी हात टेकले आणि विचारलं, "रविवारी तुम्ही करता काय?"

"काई नाई. जेवतो, झोपतो, अन् रेडिओ आयकतो."

"आणि घड्याळ कुठे ठेवता?"

"रेडिओवरच. अजून कुठं?"

रेडिओच्या कर्ण्यामागे लोहचुंबक असतं. घड्याळात केसासारखी बारीक कमान असते, ती चुंबकाजवळ असेपर्यंत तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. "सरकारी लायसनचा रेडिओ हाय, थो काऊन घडी बिघडवन?" म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला.

आता रेडियमचं. पन्नासच्या आसपासची ही गोष्ट. लढाई संपल्यावर पलटणींतली जुनी मनगटी घड्याळं बाजारात उतरली होती. त्यांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळसर लेप असे, तो अंधारात हिरवा चमके. लोक त्याला रेडियम म्हणत, आणि ते खरोखर रेडियमच होतं. रेल्वेचे गार्ड, रात्रपाळीचे कामगार, नाकेदार, सगळ्यांना ते हवं असे. पण चार-सहा वर्षांत लेप तपकिरी पडायचा आणि चमक जायची. मग ते घड्याळ माझ्याकडे यायचं. "मास्तर, रेडियम मेलं. नवं भरून द्या."

आर्वीकडच्या जंगलात कूप, म्हणजे लाकूडतोडीचा पट्टा, राखणारा सोमाजी नावाचा एक गोंड मुकादम असाच आला होता. ठेकेदारानं त्याला घड्याळ बक्षीस दिलं होतं. नवं रेडियम भरल्यावर मी त्याला मागच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोठीत नेऊन दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. सोबतच्या माणसाशी आपल्या भाषेत काहीतरी बोलला, मग मला म्हणाला, "पावसाळ्यात जंगलात लाकूड असंच चमकते, मास्तर. सडलेलं लाकूड. चांगलं लाकूड चमकत नाई." मी हसलो. आपण वर्ध्याचे, शिकलेले, आपल्याला हा जंगलातला माणूस काय सांगणार, असं माझ्या मनात आलं होतं, हे कबूल करायला हवं.

रेडियम भरायचं काम माझं नव्हतं, ताईचं होतं. वत्सलाताई माझी थोरली बहीण. आमचं गाव रोहणा. नवरा गेल्यावर सासरी तिची दैना झाली, म्हणून मी तिला वर्ध्याला आणलं. माझं लग्न व्हायचं होतं. दुकानामागची खोली हेच घर, घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक आटोपला की दिवसभर तिला काम नसे, आणि बसून खाणं तिच्या स्वभावात नव्हतं. एकदा माझा हात कापत होता, बारीकसा आकडा भरताना ब्रश दोनदा बाहेर गेला. ती मागे उभी होती. म्हणाली, "सर बाजूले. म्या करतो." आमच्याकडे बायाही 'करतो'च म्हणतात. जिनं जन्मभर सुतासारख्या शेवया वळल्या तिला सहाचा आकडा काय जड! पहिलं घड्याळ तिनं असं भरलं की गार्ड म्हणाला, हे विलायतेहून आणवलं का?

तिची कामाची पद्धत तिची स्वतःची होती. गावात गोंदणारी बाई काजळी डाव्या अंगठ्याच्या नखावर घेऊन बसते, ते तिनं लहानपणी पाहिलेलं. तिनंही तेच केलं. वाटी नाही, काच नाही. वार्निशात कालवलेली पूड डाव्या अंगठ्याच्या नखावर, उजव्या हातात बारीक ब्रश, आणि घड्याळाची तबकडी डाव्या तळव्यात. रंग कायम ब्रशाजवळ, हात हलवायला नको. मी पाहतच राहायचो. आमच्या धंद्यात असा हात दहा वर्षांत एखादा दिसतो.

मीही काही बेफिकीर नव्हतो. मुंबईहून नव्या पुडीची कुपी यायची, तिच्याबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असे की ब्रश तोंडात धरू नये. तो नियम मी काटेकोर पाळायला लावला. शिवाय एक नियम माझ्या डोक्यातून निघाला, आणि त्याचा मला फार अभिमान होता. काम संपलं की हात धुवायचे, आणि मग कोठीत जाऊन दार लावून घ्यायचं. हातावर कुठे हिरवा ठिपका दिसला की पुन्हा धुवायचे. काही दिसलं नाही की हात स्वच्छ. किती सोपं! जी वस्तू स्वतःच सांगते मी इथे आहे, तिला शोधायला काय लागतं? ताई रोज दिवेलागणीच्या आधी कोठीत जायची, आणि आतून ओरडायची, "काईच नाई, बापू. साफ हाय." मग ती कणीक मळायला घ्यायची.

दुसरी गोष्टही माझीच. सोनार जशी दुकानाची झाडलोट फेकत नाही, तसा आमच्या धंद्यातला जुना माणूसही काही फेकत नाही. मेलेला लेप ब्लेडनं खरवडला की त्याची पूड मी तपकिरीच्या डबीत साठवायचो. नवी पूड थोडी आणि महाग. म्हणून आधी जुन्या पुडीचा एक थर द्यायचा, अस्तरासारखा, आणि वर नव्या पुडीचा पातळ हात. आकडा भरदार दिसायचा. त्यामुळे ताईचा बराचसा वेळ खरवडण्यात आणि अस्तर देण्यात जायचा. तिच्या नखावर दिवसभर जी पूड असे ती मेलेलीच असे. अशी पाच वर्षं गेली.

मग एका भाद्रपदात कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक प्राध्यापक आले. त्यांना आपण सर म्हणू. त्यांचंही घड्याळ विझलेलं. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "रेडियम मेलंय, नवं भरून देतो."

सर खुर्चीवर बसले आणि हसून म्हणाले, "रेडियम मरत नाही हो. त्याला अर्धं व्हायला सोळाशे वर्षं लागतात."

"मग चमक कुठे गेली?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. त्या पुडीत दोन वस्तू असतात. एक रेडियम, अगदी कणभर. दुसरं जस्ताचं एक लवण. रेडियम सतत जड गोळ्या सोडत असतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या. गोळी लवणाच्या कणात घुसली की तिच्या वाटेवरच्या अणूंतून इलेक्ट्रॉन उडून बाहेर पडतात, आणि ते पुन्हा जागेवर बसताना उजेडाचा ठिपका पडतो. तोच आपल्याला दिसतो. पण प्रत्येक गोळी लवणाच्या कणाची घडण थोडी विस्कटूनही जाते. काही वर्षांत ती इतकी विस्कटते की उजेड पडेनासा होतो. "ढोलकी वाजवणारा तसाच बडवतोय," सर म्हणाले, "कातडं फाटलंय, म्हणून आवाज येत नाही."

मी तपकिरीची डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांचा चेहरा बदलला. शेजारच्या फोटोवाल्याकडून त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली एक फिल्म मागवली. तिच्यावर दुकानाची किल्ली ठेवली, किल्लीवर डबी. दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यानं फिल्म धुतली. सगळी काळी, आणि मधोमध किल्लीची पांढरी आकृती, दात्यांसकट. उजेड नाही, काही नाही, आणि डबीनं फोटो काढला होता.

"ही डबी कोण हाताळतं?" सरांनी विचारलं.

ताई मागच्या खोलीत होती. ब्रश घेऊन बसली होती.

मी म्हणालो, "मीच."

असं का म्हणालो? इतक्या वर्षांत मी याची शंभर उत्तरं शोधली. बायकोमाणसाकडून धंदा करवतो असं सरांना वाटेल, हे एक. आणि दुसरं, जे खरं आहे, ते असं की माझा कोठीचा नियम त्या क्षणी मातीत गेला होता. दिसत नाही म्हणजे नाही, हे मी तिला शिकवलं होतं. चमकणारी पूड ती धुऊन काढायची आणि न चमकणारी नखाच्या कडेत घेऊन कणीक मळायची, ती माझ्या शब्दावर. हे परक्या माणसासमोर कबूल करायला माझी जीभ उचलली नाही.

सर म्हणाले, "आजच्या आज बंद करा." मी मान हलवली.

त्या वेळी बारा घड्याळं हातात होती. सगळी गार्डांची, दसऱ्याला देतो म्हणून शब्द दिलेली. माझा हात तसा चालत नव्हता, तिचाच चालायचा. मी ठरवलं, ही बारा होऊ देऊ, मग बंद. पाच वर्षं झाली, आणखी अठरा दिवसांनी काय होतंय? तिला मी काही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणालो, "ताई, हात साबणानं जरा जास्त घासत जा. नखात ब्रश घालून."

"काऊन रे? कोठीत तं काईच दिसत नाई."

"असंच."

"असंच काय? तूच तं म्हनते, दिसलं नाई म्हंजे साफ."

"घासत जा म्हटलं ना," मी जरा चढ्या आवाजात बोललो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तबकडीवर वाकली. त्या अठरा दिवसांत मी तिच्याकडे पाठ करून बसायचो. दसऱ्याला बाराही घड्याळं गेली. मग मी डबी आणि कुपी उचलून ठेवली आणि सांगितलं की आता रेडियमचं काम घेत नाही, परवडत नाही. तिला वाईट वाटलं. दुपारी करायला हातात काही राहिलं नाही म्हणून ती शेवया करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला लागली.

माघात तिच्या अंगठ्याच्या कडेला फोड आला. नखावर उभ्या रेघा आधीपासून होत्या, त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. फोड फुटला, भरेना. हळद झाली, कडुलिंबाचं पाणी झालं, सरकारी दवाखान्यातलं मलम झालं. उन्हाळा लागला तरी जखम ओलीच. मग मात्र मला राहवलं नाही, मी सरांकडे गेलो आणि सांगितलं की माझ्या बहिणीला एकदा बघा. का, ते सांगितलं नाही.

सर घरी आले. ताईनं चहा ठेवला. त्यांनी जखम पाहिली. काळ्या कागदातली फिल्म काढून पाटावर ठेवली आणि तिला म्हणाले, "यावर हात ठेवून बसायचं. दुपारभर. जमेल?"

"बसाले काय लागते," ताई म्हणाली, आणि बसली. चार तास ती तशी बसून होती. मधून मधून माझ्याकडे पाहून हसायची, की बघ, कसले खेळ करून राह्यले हे सर. संध्याकाळी फिल्म धुऊन आली. सरांनी ती खिडकीत धरली. सगळी फिल्म कोरी, आणि एका जागी काळी कोर. बारीक, वाकडी, नखाच्या बुडाएवढी.

"चंद्रकोर दिसते," ताई कौतुकानं म्हणाली. "हे काय हाय, सर?"

सरांनी तिला सगळं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ती ऐकत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते, उलट गोंधळले होते. "अहो, पण तुम्ही म्हणाला होतात की तुम्हीच हाताळता. मी दसऱ्याआधीच तुम्हाला बंद करा म्हणून सांगितलं होतं."

कुठेतरी लपावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ताई जागची हलली नाही. मनात काहीतरी जुळवत होती.

"दसऱ्याच्या आदी?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"मंग गार्डाइच्या बारा घड्या?"

सरांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. संध्याकाळचा चहा तसाच राहिला. मग ती म्हणाली, "म्या तरीबी केल्या असत्या, बापू. तू शब्द देल्ला होता, म्या मोडला नसता. पन तू मले सांगाले पायजे होतं. हात माहा होता."

मी रडलो. ती रडली नाही. उठून तिनं सरांचा कप विसळला.

नागपूरला मोठ्या दवाखान्यात तिचा अंगठा काढला. डॉक्टरांना मी विचारलं, अठरा दिवस आधी थांबलो असतो तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता, जे व्हायचं ते आधीच झालं होतं. त्यांनी हे माझ्या समाधानासाठी सांगितलं की खरं म्हणून, मला ठाऊक नाही. ते समाधान मी घेतलं नाही. ताईनं अठरा दिवसांचा हिशेब कधी मागितलाच नव्हता. तिनं जे मागितलं होतं ते देणं माझ्या हातात होतं, आणि मी दिलं नाही. माझे दोन्ही अंगठे आज शाबूत आहेत.

डबी आणि कुपी सर घेऊन गेले. त्यांनी त्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही. ताई घरी आली, चार बोटांनी पोळ्या लाटायला शिकली, माझ्या लग्नात सगळं निभावलं. माझ्याशी बोलणं तिनं टाकलं नाही, माझा राग राग केला नाही, कोणापाशी एक अक्षर काढलं नाही. बदललं ते एवढंच, की माझ्या हातून काही घ्यायचं झालं की ती आधी विचारायची, "काय हाय याच्यात?" औषधाचा घोट असो, चहा असो, बाजारातून आणलेली भजी असोत. टोमणा मारायची म्हणून नव्हे. अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव विचारावा तसं. बायकोच्या हातचं ती न विचारता घ्यायची. मीही मग सांगायला लागलो, साखर कमी आहे, आलं घातलंय, डॉक्टरांनी दिलेलं आहे, खोकल्याचं आहे. एकदा मी चिडून म्हणालो, "ताई, किती दिवस विचारशील?" ती म्हणाली, "राग नको येऊ देजो, बापू. आपोआप निंघते तोंडातून."

पुढच्या वर्षी काखेत गाठ आली आणि मग दुखणं दंडात, छातीत पसरत गेलं. शेवटचे पंधरा दिवस ती अंथरुणावर होती. बोलणं बंद झालं होतं, पण ओळख होती. त्या दिवशी सकाळी बायको विहिरीवर गेली होती आणि ताईचे ओठ कोरडे पडलेले दिसले, म्हणून मी वाटीत पाणी घेऊन तिच्या उशाशी बसलो. चमचा ओठांजवळ नेला. तिनं तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पाणी हाय, ताई. नुसतं पाणी हाय."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी चमचा तसाच धरून ठेवला. मग तिनं तोंड उघडलं.